जागेवरचा बाण

अमरावती,
९ डिसेंबर २०२४

आदरणीय गावंडे सर,

सबीहाचा सलाम आणि नमस्कार. दोन्ही एकदमच पाठवते, आवडेल तो ठेवून घ्या. मागच्या वेळी तुम्ही दोन्ही ठेवून घेतले होते.

काचबिंदूने उरलीसुरली नजरही गेली असं नीलमताई फोनवर म्हणाल्या. म्हणजे हे पत्र त्याच तुम्हाला वाचून दाखवणार. नीलमताई, तुम्हालाही नमस्कार. माझ्या अक्षराला सरांनी कधी बरं म्हटलं नाही, तेव्हा वाचताना अडलात तर दोष माझा समजा.

इकडे ठीक आहे. थंडी बरी पडली आहे. अम्मीचे गुडघे सकाळी कुरकुरतात आणि दुपारी गप्प बसतात. ती गॅलरीत उन्हात बसून संत्री सोलते आणि यंदाच्या संत्र्याला चव नाही असं म्हणत सगळी संपवते. कॉलेजात नव्या शैक्षणिक धोरणाचे कागद भरण्यात अर्धा दिवस जातो. उरलेल्या अर्ध्यात शिकवायचं असतं, असा एक समज आहे.

एम.एस्सी.च्या मुलांना यंदा कॅटेगरी शिकवते आहे, म्हणजे आपलं बाणांचं गणित. ‘वस्तू आतून काय आहे ते विचारू नका, तिच्याकडे कोणते बाण येतात आणि तिच्यापासून कोणते निघतात तेवढं बघा’ हे तुमचं वाक्य मी स्वतःचं असल्यासारखं फळ्यावर लिहिलं. एका मुलाने विचारलं, “मॅडम, हे माणसांबद्दल आहे का?” मी म्हटलं, “नाही, पंधरा मार्कांबद्दल आहे.” मग तुमचं एसटीचं उदाहरण दिलं. गावं म्हणजे वस्तू, गाड्या म्हणजे बाण, गाडी बदलणं म्हणजे बाणाला बाण जोडणं. अमरावतीहून मूर्तिजापूरमार्गे जा नाहीतर दर्यापूरमार्गे जा, अकोल्याच्या त्याच स्टँडवर त्याच अवस्थेत उतरलात तर आकृती जुळली. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, दर्यापूरच्या रस्त्यानं गेलेला मानूस त्याच अवस्थेत नाई उतरत.” आमच्या वेळी हे कुणाला सुचलं नव्हतं. मुलं पूर्वीपेक्षा हुशार आहेत, फक्त त्यांना ते परीक्षेत सिद्ध करता येत नाही.

तुमच्या नव्या प्रमेयाचं बाड पोचलं. मी कॉलेजात होते, अम्मीने सही करून घेतलं आणि नमाजाच्या चटईशेजारी ठेवलं, कारण ‘सर की चीज है’. मी ते वाचलं आहे. त्याबद्दल लिहितेच, आधी बाकीचं सांगून घेते.

अपेक्षा परवा येऊन गेली. नीलमताई, अपेक्षा म्हणजे आमच्या वर्गातली, सरांचा जुना फोटो मागायला तुमच्याकडे आली होती ती. सरांच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या गौरवग्रंथाचं सगळं तीच बघते आहे. मुखपृष्ठ तयार आहे. त्यावर तुमचं चित्र आहे आणि मागे फळा आहे. फळ्यावरची आकृती चित्रकाराने मनानेच काढली आहे, तिच्यातले दोन बाण हवेतून येतात आणि हवेत जातात. मी सांगितल्यावर अपेक्षाने कपाळाला हात लावला. जानेवारीत सभागृह मिळालं आहे. सगळे लेख छापायला गेले आहेत. शेवटची पानं तेवढी मोकळी आहेत, तिथे तुमचं प्रमेय यायचं आहे. त्या ग्रंथाला ग्रंथपण त्या पानांमुळे येणार आहे, बाकीचे आम्ही सगळे तुमच्याबद्दल गोड गोड लिहून मोकळे झालो आहोत.

ती म्हणाली, “सबीहा, झालं का वाचून?”

मी म्हटलं, “झालं.”

“मग?”

मी चहा टाकायला आत गेले.

बाहेर येईपर्यंत ती अम्मीशी गुडघ्यांबद्दल बोलायला लागली होती. जाताना दारात म्हणाली, “आठवडाभरात कळव. सरांनी तुझंच नाव सांगितलंय. ‘सबीहा हो म्हणाली का छापा, नाईतर नका छापू.’” हे मला तिच्याकडून कळलं, तुमच्याकडून नाही.

तर सर, ही माझी अडचण.

गेले काही दिवस मी रोज हे पत्र लिहायला बसते आणि भांडी आवरायला उठते. घर इतकं स्वच्छ कधीच नव्हतं. आज अम्मीने शेवटी विचारलं, “इतना क्या सोच रही? सर ने लिखा है तो सही ही होगा ना.”

मी तुम्हाला फोन करू शकले असते. केला नाही, कारण आपली पद्धत तशी नाही. काहीही सिद्ध झालं असं वाटलं की ते एकाही चिन्हाशिवाय, साध्या मराठीत, दुसऱ्या माणसाला पत्राने कळवायचं. आम्ही तुमच्या या पद्धतीला किती हसायचो! पहिली पत्रं आम्ही एकमेकांनाच, एकाच हॉस्टेलच्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, तिकीट लावून पोस्टाने पाठवली होती. तुम्ही म्हणायचात, “चिन्हाच्या मांगं लपता येते पोट्टेहो, वाक्याच्या मांगं नाई लपता येत.” आज मला ते पटतं आहे आणि त्याचा रागही येतो आहे. चिन्हांत लिहायचं असतं तर हे पत्र दोन ओळींत संपलं असतं.

बरं, सेमाडोह आठवतं का? तुम्ही आमच्या वर्गाला सहलीला नेलं होतं. वाघ दिसेल म्हणून आम्ही आलो होतो, तुम्ही मात्र एकच गोष्ट दाखवायला आणलं होतं, हे गाडीत बसल्यावर कळलं. जंगल फेरीची गाडी सेमाडोहहून निघते आणि सेमाडोहलाच येते. तुम्ही पुढच्या सीटवर उलटे बसून विचारलंत, “हे गाडी कुठून कुठं चालली?” आम्ही म्हटलं, सेमाडोह ते सेमाडोह. “अन् जो मानूस सेमाडोहले खाटेवर बसून राह्यला, तो कुठून कुठं गेला?” सेमाडोह ते सेमाडोह. “मंग दोघंबी सारखेच काय?” कुणी हो म्हणालं, कुणी नाही. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. तेवढ्यात सांबर दिसलं आणि सगळे एका बाजूला धावले.

त्या गाडीत मी आणि अपेक्षा शेजारी होतो आणि खिडकीवरून भांडत होतो. शेवटी ठरलं की फेरी झाली की जागा बदलायच्या. म्हणजे एका फेरीनंतर खिडकी तिची, आणखी एका फेरीनंतर परत माझी. आमच्या मागे दोन मुलं होती, ती आपापल्या जागेवर दगडासारखी बसून होती. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. नीलमताई, इथून सावकाश वाचा.

आता बाडाबद्दल.

तुमचा दावा मी माझ्या शब्दांत सांगते, चुकले तर थांबवा. दोन रचना आहेत. प्रत्येक ठिकाणी वेगवेगळं तपासलं तर दोन्ही सारख्याच निघतात. तुम्ही म्हणता की तुमच्या अटी पाळल्या तर त्या नुसत्या जागोजाग नाही, सगळ्या मिळून, बाणांसकट सारख्या असतात. म्हणजे ठिकाणाठिकाणी केलेल्या जोड्या एकमेकींशी भांडत नाहीत. सिद्धतेचा पहिला भाग मी वाचला तेव्हा खुर्चीतून उठून खोलीत फिरून आले. तुम्ही ज्या पद्धतीने एक ठिकाण धरता आणि तिथून बाणांच्या आधाराने बाकीच्यांकडे जोड्या पोचवता, तसं मी कुठेच पाहिलेलं नाही. डोळे बंद झालेल्या माणसाने हे सगळं डोक्यात धरलं आणि दुसऱ्याला सांगून उतरवलं, याचं मला अजून नवल वाटतं आहे. हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही.

बाडाच्या पहिल्या पानावर खाली नीलमताईंच्या सुंदर अक्षरात एक टीप आहे: ‘आकृत्यांमध्ये जागेवरचे बाण काढलेले नाहीत.’ त्यात वावगं काहीच नाही. आपण कुणीच काढत नाही. प्रत्येक वस्तूपासून तिच्याकडेच जाणारा, काहीही न करणारा एक बाण असतोच. खाटेवर बसून राहिलेल्या माणसाचा बाण. तो आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कागदावर त्याला जागा देत नाहीत.

पण पुढच्या आकृत्या बघत गेले तसं दिसलं की एखाद्या ठिकाणाहून निघून त्याच ठिकाणी येणारा एकही बाण कुठेच काढलेला नाही. जागेवरचाही नाही आणि फेरी मारून आलेलाही नाही. मग सिद्धतेत शेवटून दुसरं वाक्य येतं, ‘उरलेल्या बाणांसाठीही असंच.’ कागदावर उरलेला बाण दिसतच नाही, त्यामुळे वाचणारा मान हलवतो आणि पुढे जातो. मीही पहिल्यांदा गेले.

उरलेले बाण म्हणजे फेरीच्या गाड्या, सर.

एकच गाव घ्या, सेमाडोह. एकच फेरीची गाडी. दोनदा फेरी झाली की न गेल्यासारखंच, असं ठरवू. पहिली रचना म्हणजे मागच्या सीटवरची मुलं: फेरी झाली तरी जो तो आपल्या जागी. दुसरी रचना म्हणजे मी आणि अपेक्षा: फेरी झाली की जागा बदलल्या. तुमच्या अटी मी एकेक करून लावून पाहिल्या, दोन्हींना लागू पडतात. स्टँडवर उभं राहून बघितलं तर दोन्हीकडे दोन माणसं, दोन जागा. अगदी सारखं. आता जोड्या लावा. मागचा एक मुलगा माझ्याशी जोडा, दुसरा अपेक्षाशी. गाडी फिरून आली. मुलगा होता तिथेच आहे आणि मी अपेक्षाच्या जागी आहे. जोडी मोडली. उलट जोडा, तीही मोडते. तिसरा मार्ग नाही.

जागोजाग सारखं आहे, पण बाणांसकट सारखं नाही.

मी हे खोडून काढायचा प्रयत्न केला. माझीच समजूत चुकली असेल, एखादी अट निसटली असेल म्हणून पुन्हा सगळं वाचलं. मला मनापासून वाटत होतं की मी चुकलेली असावी. नाही चुकले.

आता एवढं सांगितल्यावर राहिलेलं सांगते. मी अचलपूरहून एसटीने ये-जा करत बी.एस्सी. केलं तेव्हा माझं सगळीकडे कौतुक व्हायचं. मुस्लिम घरातली मुलगी आणि किती छान मराठी बोलते! मुस्लिम घरातली मुलगी आणि गणित! मी काहीही लिहिलं तरी शाबासकी मिळायची. कौतुकाचा कंटाळा येतो हे कुणाला सांगून खरं वाटत नाही. मग एम.एस्सी.ला तुमच्याकडे आले. पहिलं पत्र लिहून दिलं, त्याच्यावर स्वतः खूश होऊन दिलं. तुम्ही लाल पेनाने खाली लिहिलंत, ‘सुंदर आहे. पण खरं नाही. तिसरं वाक्य बघ.’ मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि बाहेर आल्यावर मला बरं वाटलं. या माणसाने मी काय लिहिलंय ते वाचलं, मी कोण आहे ते वाचलं नाही, असं वाटलं. आजवर मला जे काही येतं ते त्या लाल ओळीनंतरचं आहे.

म्हणून मला ‘हो, छापा’ असं लिहिता येईना. तसं लिहिलं असतं तर तुम्ही एक म्हातारे, आंधळे झालेले, सत्काराला बसलेले गृहस्थ, आणि मी त्यांचं मन सांभाळणारी एक भली बाई. मला ते दोघेही नको होते. वाईट वाटतं आहे सर, फार वाईट वाटतं आहे. पण तुम्हाला तसं वागवलं असतं तर याहून वाईट वाटलं असतं.

अपेक्षाला मी अजून काही कळवलेलं नाही. तुम्ही सांगाल तसं.

सुंदर आहे. पण खरं नाही. शेवटून दुसरं वाक्य बघा.

तुमच्याच लाल पेनातली शाई वापरणारी,
सबीहा


अकोला,
१८ डिसेंबर २०२४

सबीहा,

वर ‘प्रिय’ लिहिलं नाही. लिहावंसं वाटलं नाही, आणि तुमच्याकडे खोटं लिहायची बंदी आहे असं दिसतं.

फोनवर मी तुमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. बाबांना ‘बरोबर आहे’ एवढं कळवा. पुस्तक कोण वाचणार आहे? वाचलं तर चूक किती जणांना कळणार आहे? जानेवारीत त्यांच्या गळ्यात हार पडू दे, नंतर काय व्हायचं ते होऊ दे. तुम्ही तेव्हा ‘बघते’ म्हणालात. बघते म्हणजे हे, हे मला माहीत नव्हतं. तुमच्या पत्रात माझ्या त्या मागणीचा उल्लेख नाही, त्याबद्दल मात्र आभार. मीच नंतर बाबांना सांगितली.

पत्र आलं तेव्हा बाबा अंगणात उन्हात बसले होते. मी आधी मनात वाचायला हवं होतं, पण त्यांना घाई होती. “सबीहाचं आलं? वाच, वाच.” तुमची संत्री, दर्यापूरचा रस्ता, हवेतले बाण, सगळं वाचलं. ते हसत होते. सेमाडोहला फारच हसले. ‘नीलमताई, इथून सावकाश वाचा’ हेही मी वाचून टाकलं, आणि पुढच्या पानावर नजर गेली तेव्हा काय येतंय ते कळलं. मी ते पान आणि त्याच्या पुढचं पान एकापाठोपाठ उलटलं आणि ‘मी अचलपूरहून एसटीने’ इथून सुरू केलं.

बाबा म्हणाले, “थांब.”

मी म्हटलं, काय झालं?

“सबीहानं सांगतलं का नाई, जागा बदलल्या ते ध्यानात ठेवा, पुढं लागनार हाय. मंग लागलं कुठं? ते पोरगी काम नसलेलं वाक्य लिवत नाई.” मग म्हणाले, “पान दोनदा वाजलं, नीलम. मांगं जा.”

तुम्ही पत्र असं विणलं होतं की त्यातून एकही पान सुटणार नाही. मुद्दाम केलं का, ते मला कळवू नका.

मी मागचं वाचलं. सावकाश वाचलं. मला त्यातलं निम्मं कळतं, पण त्यांचा चेहरा मला पूर्ण कळतो. जोडी मोडली असं आलं तिथे त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि बोटांनी हवेत काहीतरी केलं, दोन बोटं अदलाबदल. परत एकदा. मग म्हणाले, “पुढं.” लाल पेनाचं आलं तेव्हा म्हणाले, “हे रडली होती? मले नाई माहीत.” मी शेवटपर्यंत वाचलं. त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी रेडिओ लावला नाही. मला तुमचा इतका राग आला होता की त्या वेळी तुम्ही समोर असतात तर काय बोलले असते देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना म्हटलं, बाबा, ही चूक माझीच असेल. तुम्ही सांगितलं असेल, माझ्याकडून उतरवताना सुटलं असेल. मी गणिताची नाही, सगळे मानतील. अपेक्षाला तसं सांगू, दुरुस्त करून देऊ म्हणू.

त्यावर ते चिडले. पुष्कळ दिवसांनी चिडले. “लिवनाऱ्याचं नाई सुटलं, सांगनाऱ्याचं सुटलं. तुया माथी काहून मारू मी?”

आणि खरंही तेच आहे. सुरुवातीला एकदा ते आकृती सांगत होते, आणि एक बाण एका ठिकाणाहून निघून तिथेच येतोय असं मला वाटलं. मी विचारलं, बाबा, हा इथूनच निघून इथेच येतो, काढू का? ते पुढच्या विचारात होते. म्हणाले, “जागेवरचा हाय, नको काढू.” त्यानंतर तसा बाण आला की मी काढला नाही आणि विचारलंही नाही. त्यांना कागद दिसत नव्हता आणि मला गणित दिसत नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून हे केलं. तुम्ही म्हणता ती टीपही मीच माझ्या मनाने घातली होती, नीटनेटकं दिसावं म्हणून.

मग त्यांनी मला ते शेवटून दुसरं वाक्य वाचायला लावलं. ‘उरलेल्या बाणांसाठीही असंच.’ ऐकलं आणि म्हणाले, “फेरी मारून आलेला अन् जागेवर बसून राह्यलेला, दोन्ही एकच धरले मी.” मग पुन्हा म्हणाले, “एकच धरले, नीलम.”

सांगून लिहवताना ते माझं नाव कधीच घेत नाहीत. मी तुम्हाला आजवर सांगितलं नाही, सांगायचा प्रसंगही आला नाही, की मी पुण्यात नोकरीला होते. बरीच वर्षं. आई गेली आणि बाबांचे डोळे जायला लागले तेव्हा परत आले. तिथे माझं घर होतं, काम होतं, माणसं होती. इथे आमच्या गल्लीत नवीन राहायला आलेल्यांना विचाराल तर ते सांगतील, गावंडे सरांची मुलगी, इथेच असते. जुनेही तसंच म्हणायला लागले आहेत. बाबांनीही तो विषय कधी काढला नाही, मीही नाही. त्यामुळे ते कशाबद्दल बोलत होते हे मला कळलं नाही. मी विचारलं नाही. त्यांनी हात पुढे केला होता, तो धरला.

नंतर म्हणाले, “कागद घे. काढ तो बाण.”

मी सेमाडोह लिहिलं आणि तिथून निघून तिथेच येणारा बाण काढला. म्हणाले, दाबून काढ, मले लागला पाह्यजे. मी बॉलपेनने जोर लावून तीनचार वेळा गिरवला. त्यांनी कागद उलटा करून त्या उठावावरून बोट फिरवलं, निघाल्यापासून परत येईपर्यंत. मला रडू आलं. त्यांनी ते ऐकलं असणार, त्यांना पान दोनदा वाजलेलं ऐकू येतं.

आता त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते:

“सबीहास अनेक आशीर्वाद. तुझं प्रतिउदाहरण तपासलं. बरोबर आहे. प्रमेय मागे घेतो. जिथे फेरीचा बाण नाही तिथे ते खरं राहतं, पण तेवढ्यासाठी एवढी पानं नकोत. अपेक्षाला सांग, शेवटच्या पानांवर सेमाडोह छापायचं, तुझ्या नावानं, आधी माझा दावा आणि मग त्याचं काय झालं ते. आकृत्या नीलम काढील, या वेळी सगळे बाण काढील. सभागृहात मी ते स्वतः सांगणार आहे, हार त्याच्यानंतर. सेमाडोहला मी तुम्हाला उत्तर दिलं नव्हतं. मला वाटत होतं, मला ते येतं.”

इथपर्यंत बाबांचं. चिन्ह एकही नाही, मी पाहिलं.

माझा राग अजून पुरता गेलेला नाही. पण काल त्यांनी रेडिओ लावला, आणि आज सकाळी चहा पिताना मला विचारलं, “पुन्याले तुया घराच्या खिडकीतून काय दिसे?” इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी सांगत बसले, चहा थंड झाला. हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं आणि तुमच्याशिवाय कुणी आठवलं नाही.

जानेवारीत या. अम्मींना आणा, आमच्याकडे पायऱ्या नाहीत.

फेरी मारून परत आलेली,
नीलम